मुख्याध्यापकांची परीक्षा घेणारे फिरते सर

मुख्याध्यापकांची परीक्षा घ्यायची हिंमत अख्ख्या हदगाव तालुक्यात एकाच माणसात होती, आमच्या फिरत्या विशेष शिक्षकांत. अभ्यासात मागे पडणारी मुलं तपासायला ते गावोगावच्या शाळा हिंडत. मोटारसायकलला दोन पिशव्या. एकीत सरकारी चाचण्यांचा संच, दुसरीत घंट्या, डब्यांची झाकणं आणि चिंचोके. सरकारी पिशवी शेवटी उघडायची. मुलाला 'ढ' म्हणणारा कुणी सापडला, की त्याच्या डाव्या हातात पेन देऊन म्हणायचे, "लिवा, 'मी लई हुशार हाय'. पोरं बघून राहिली." आमच्या मुख्याध्यापकांचा तो कागद वर्गभर फिरला होता, वर दहापैकी दोन गुणांसह. जेवायला बसायचे ते पोरांच्या पंगतीत, आणि खिचडीत मीठ कमी असल्याचं त्यांनी एकदा शाळेच्या शेरेपुस्तकात लिहून ठेवलं.

माझ्या तिसरीतली पूजा हाक मारली तरी बघायची नाही. मी सरांना द्यायच्या यादीत तिच्या नावापुढे बेधडक 'मंदबुद्धी' लिहून मोकळा झालो. माझ्या शब्दावर विसंबून आईवडिलांनी तिला नांदेडच्या निवासी शाळेत ठेवायचं ठरवलं. आई रोज शाळेच्या फाटकाशी डोळे पुसत उभी राहायची. सर आले, पूजाशी चिंचोक्यांचा डाव मांडला आणि चक्क हरले. मग तिच्या पाठीमागे जाऊन त्यांनी दाणकन झाकण वाजवलं. अख्खा वर्ग दचकला. पूजा आपली जिंकलेले चिंचोके मोजतेय!

"सर, शिकवताना तुमचं तोंड कुठं असतंय?" त्यांनी मला विचारलं.

"फळ्याकडे," मी म्हणालो.

"मंग तिनं तुमच्या पाठीकडं बघून शिकावं का? पोरीला कमी ऐकू येतंय. डोकं लई तेज हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यादीतला तो शब्द त्यांनी मलाच खोडायला लावला, वर सहीही घेतली.

पूजा गावातच राहिली. कानाची तपासणी झाली, यंत्र मिळालं. तोवर सरांची किनवटला बदली झाली होती. यंत्र लावून ती पहिल्यांदा वर्गात आली, तेव्हा मी तिच्यासमोर उभा राहून, घसा ताणून धडा वाचायला लागलो. तिनं कानांवर हात ठेवले.

"सर, हळू बोला की! किती वरडता!"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो, आणि डोळे भरून आले. संध्याकाळी सरांना फोन लावून हे सगळं सांगितलं.

सर म्हणाले, "पुन्हा सांगा बरं, काय म्हणली ती?"

मी पुन्हा सांगितलं.