आठ एमएमची बकेट

बकेट मातीने भरून गुडघ्याएवढी वर आली आणि खालून कडकन आवाज आला. पुढचं डावं चाक बाहेर फेंगडलं. ट्रॅक्टर नाकावर टेकला.

"इंजिन बंद करा!" मी ओरडलो. वंदनाताई सीटवरून सावकाश उतरल्या.

"लागलं का?"

"मना काय नाय झाला. त्याला बघा आधी."

मी शिंदे, तुर्भ्याच्या एका कंपनीत फॅब्रिकेशन सुपरवायझर आहे. आम्ही लोखंडी टाक्या बनवतो. सुट्टीत कोपरखैरण्याच्या माझ्या रो-हाउसच्या अंगणात लोकांची छोटी लोखंडी कामं करतो. वंदनाताईंची खारघरला नर्सरी आहे. माती, खत, कुंड्या उचलून त्यांच्या कमरेची वाट लागली होती. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केलेली. शेडमध्ये त्यांच्या वडिलांचा जुना गार्डन ट्रॅक्टर पडून होता. शेतातल्या ट्रॅक्टरपेक्षा हा बराच लहान, झाडांच्या ओळींमधून फिरणारा. तो चालू करून पुढे लोडर बसवायचा, म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांना बकेट. जमलं तर नर्सरी चालणार, नाही तर बंद.

तो माझ्या अंगणात आणून कार्ब्युरेटर साफ केला. मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा भाग, त्याची तार नव्याने गुंडाळून आणली. इंजिन धडधडलं तेव्हा ताईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि काढलाच नाही. रविवारची दुपार ग्राइंडरच्या आवाजात घालवलेले शेजारीही गेटवर येऊन टाळ्या वाजवून गेले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मग लोडर. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रा आणला. चार एमएमचा पुरला असता. मी आठचा घेतला. आयुष्यभर टाक्या केल्या. टाकी एका जागी उभी असते, तिथे जितकं जाड तितकं चांगलं. ताईंचं काम मनापासून करायचं होतं, म्हणून जाड.

बायको म्हणाली, "अहो, ट्रॅक्टर आहे की रणगाडा?"

"मजबूत नको का?" मी म्हणालो.

लोडरचा हिशेब उलटा असतो. बकेटचं स्वतःचं वजनही पुढच्या अ‍ॅक्सलवर येतं, म्हणजे दोन पुढच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर. मागे तोल धरायला वजन लावावं लागतं. ते मी "ट्रायलनंतर बघू" म्हणून ठेवलं होतं. आणि त्या ट्रायलला मी ताईंना सीटवर बसवलं.

अ‍ॅक्सल ओतीव लोखंडाचा होता. असं लोखंड वाकत नाही, थेट तुटतं. जॅक लावून खाली वाकलो तर त्यावर पितळेची पिवळी रेघ दिसली. जुना जोड.

"त्यो बापसानं जोडून घेतलेला," ताई म्हणाल्या. "तितंच तुटला ना? जुनाच व्हता, तुमी तरी काय करनार?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. पण जोड शाबूत होता. तुटलं होतं त्याच्या वीतभर बाजूला.

"नाही ताई. वडिलांचा जोड धरून राहिलाय. माझी बकेट जड झाली. चूक माझी."

त्यांनी बकेटवर बोटांनी टकटक केलं. आवाज नीट आलाच नाही.

"मंग आता?"

"स्टीलचा नवा अ‍ॅक्सल करतो. बकेट अर्ध्या जाडीची. दुसऱ्या कोणाला दाखवायचं असेल तरी माझी हरकत नाही."

"दुसऱ्याला कशाला? तुमाला आता कललाय. त्याला परत पहिल्यापासून कोन शिकवनार? माझ्याकडं एकच ट्रॅक्टर हाय."

मी हसलो. डोळे पुसायला ग्राइंडरचा गॉगल काढावा लागला.

नवा अ‍ॅक्सल बसवला. मागे भंगाराने भरलेली पेटी टांगली. हलक्या बकेटची ट्रायल मी स्वतः सीटवर बसून घेतली, भरपूर वेळा, आणि मगच चावी ताईंच्या हातात दिली. आता त्या रोज बसल्या जागेवरून माती हलवतात. नर्सरी चालू आहे.

तुटलेला अ‍ॅक्सल त्यांनी शेडमध्ये जपून ठेवलाय. आठ एमएमची बकेट नर्सरीच्या गेटपाशी आहे, तिच्यात बोगनवेल लावलीय. गिऱ्हाईक विचारतात तेव्हा ताई सांगतात, "आमच्या शिंदेदादांची कुंडी हाय. कोनी चोरून नेनार नाय."

वजन ट्रॅक्टरने मातीचं उचलायचं असतं, माझ्या काळजीचं नाही. आता पत्रा घेताना मी आधी बायकोला विचारतो.