सहाव्या गाण्याचा शेवट

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा तिनं घरात एकच मागणं केलं. शालू आईनं निवडावा, दागिने अप्पांनी ठरवावेत, जेवणात काय करायचं ते सगळ्यांनी मिळून बघावं. पण कार्यालयातून तिला सासरी पाठवताना बँडनं ते जपानी गाणं वाजवायचं. "त्या वेळची रडकी चाल मला नको," ती म्हणाली. "मला त्या गाण्यावर जायचंय." शाळेत गणित शिकवणारी, पोरं जिला टरकून असायची अशी माझी थोरली बहीण, आणि हे मागणं! मी जागची उडालेच. "ते माझ्याकडं लागलं," असं सांगून मोकळी झाले.

गाणं आमच्या घरी आलं ते काकांमुळे. काका हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात फोरमन होते. तिथं नवं मशीन बसवायला जपानहून एक इंजिनिअर दोन महिने येऊन राहिला होता. हॉटेलातलं खाऊन त्याचा जीव विटला, म्हणून काका त्याला दर रविवारी आमच्याकडं जेवायला आणायचे. खाली आमचं भांड्यांचं दुकान आणि वर घर. तो जिन्यात बूट काढून जोडीनं नीट लावून ठेवायचा आणि आईची जोंधळ्याची भाकरी नाकाडोळ्यांतून पाणी गाळत, शेंगाचटणीबरोबर खायचा. परत जाताना त्यानं आम्हाला एक कॅसेट दिली. त्याच्या लाडक्या बँडची बारा गाणी त्यानं स्वतः निवडून भरली होती. हा बँड तो कॉलेजात असल्यापासून वाजवतोय आणि अजून थकलेला नाही, हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता, की तो स्वतःच त्यात वाजवतो की काय असं वाटावं.

कॅसेटसोबत एक कागद होता. कोणतं गाणं कधी ऐकावं याची मोडक्यातोडक्या इंग्रजीत शिफारस. पहिलं सकाळी तोंड धुताना. दुसरं सायकलवर, चढ असेल तर. तिसरं भूक नसताना; त्याचा आमच्या घरी कुणालाच उपयोग नव्हता. चौथं भांडण झाल्यावर. ते मी मुद्दाम अक्काशी भांडून तपासलं आणि खरंच गुण आला, दोघीही हसत सुटलो. आणि सहाव्यापुढं लिहिलं होतं, जिथून जावंसं वाटत नाही तिथून निघताना.

त्या गाण्यांत गाणारा कुणी नव्हताच. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, सगळे एकदम तुटून पडायचे, आणि खाली गिटार अशी की ताल पडायच्या जागी कधी नाहीच, दोन तालांच्या मधल्या फटीत टक, टक, टक. या प्रकाराला स्का म्हणतात असं काकांनी सांगितलं. आईच्या मते मागं कुणीतरी घाईघाईनं खोबरं खवत होतं. पण पोळ्या लाटताना तिचंही लाटणं त्या फटीतच पडायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि सहाव्या गाण्याला तर अक्का वह्या तपासता तपासता लाल पेन हातात घेऊन उठून नाचली होती. ते पाहिल्यापासून मला त्या बँडचं वेडच लागलं.

मी कॅसेट आणि टेप घेऊन लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत गेले. तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये हुबळीतल्या लग्नांत वाजवणारा एक बँड तालीम करायचा. त्यांचे मास्तर म्हातारे होते, मिशा पिवळ्या, ट्रम्पेट छातीशी. त्यांनी सहावं गाणं ऐकलं आणि डोळे मिटले. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि चाल जशीच्या तशी उचलली! मागून क्लॅरनेटवाला, मग ढोलवाला. शेड दणाणली. मी तिथंच उड्या मारायची बाकी होते. तेवढ्यात टेप पुन्हा त्याच जागी खटकन थांबला. कॅसेटची पहिली बाजू संपली होती, गाणं ऐन रंगात असताना.

मास्तर मला तंगी म्हणायचे, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. "तंगी, ह्याचा शेवट कुठाय?"

"शेवट नाही. एवढंच आहे."

"मग नाही जमणार, तंगी. लग्नात सुरू केलेली चाल आम्ही अर्धी सोडत नाही. माझ्या गुरूनं शपथ घातलीय."

ती शपथ सगळ्या हुबळीला ठाऊक होती. चाल पुरी व्हायची म्हणून त्यांनी एका नवरदेवाला भर उन्हात घोड्यावर मांडवाबाहेर ताटकळत ठेवलं होतं. पुरोहित आतून हातवारे करत होते आणि मास्तर शांतपणे शेवटचं कडवं वाजवत होते.

अप्पांनी तोड काढली, की कुठल्यातरी आरतीचा शेवट त्याला जोडावा. मास्तरांनी तसं वाजवूनही दाखवलं. अक्कानं ऐकलं आणि म्हणाली, "हे उत्तर चुकलंय." तिचा चेहरा इतका उतरला की मला राहवेना. मी काकांच्या मागं भुणभुण लावली. शेवटी साहेबाच्या परवानगीनं कारखान्यातून जपानला फॅक्स गेला. सहावं गाणं कसं संपतं, ते कृपया लवकर कळवावं, घरात लग्न आहे. मशीनच्या सुट्या भागांच्या यादीखाली दोन ओळी.

आठ दिवस काही नाही. मी रोज काकांची वाट बघत दुकानाच्या पायरीवर. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी काका स्कूटरवरून कागद फडकवतच आले. इंजिनिअरनं लिहिलं होतं, कॅसेट अपुरी पडली, माफ करा. पण या गाण्याला शेवट नाही. रेकॉर्डवर ते वाजत वाजत लांब लांब जातं आणि ऐकू येईनासं होतं.

झालं! मी रडवेली होऊन शेडवर गेले. मास्तरांनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मिशीवरून हात फिरवला आणि एकदम मांडीवर थाप मारली. "अग, मग सोपंय की! आम्ही फाटकात उभं राहून वाजवतो. अक्का जीपमध्ये बसून जाऊ दे. लांब लांब जाईल तसं तिला कमी कमी ऐकू येईल. तिच्या कानात चाल पुरी झाली की शपथ पाळली!" मी त्यांच्या पाया पडले आणि धावतच घरी आले.

दुसऱ्या दिवशी उणकलच्या तळ्याअलीकडच्या कार्यालयाच्या फाटकात जे वाजलं, तसं हुबळीत कधी वाजलं नसेल. आई डोळ्यांना पदर लावायला गेली आणि तिचा पाय ताल धरू लागला. नवरदेव हसत होते. अक्का अंगावरच्या शालूसकट दोन गिरक्या घेऊन जीपमध्ये चढली. मास्तर मला म्हणाले होते, "तू रस्त्याकडं बघ. जीप दिसेनाशी झाली की हात वर कर, मग आम्ही थांबतो."

जीप धारवाडच्या रस्त्याला लागली, लहान झाली, वळणावर गेली. दिसेनाशी झाली. मास्तरांचे गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. माझा हात काही वर जाईना. ते वाजवत राहिले. पुन्हा पहिल्यापासून, मग परत एकदा. क्लॅरनेटवाल्याला धाप लागली. शेवटी अप्पांनी मागून येऊन माझा हात धरला आणि हळूच वर केला.

दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. मी आधी तेच विचारलं. "कुठपर्यंत ऐकू आलं ग?"

"तळ्यापर्यंत," ती म्हणाली. "तिथं मी जीप थांबवायला लावली. म्हटलं, संपलं की निघू. पण ते संपेचना ग. मग ह्यांना म्हटलं चला, नाहीतर माझं जायचंच राहून जाईल."