बारा वाजताची थंडी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ऋतू बदलला की नाही, हे नाना परब ठरवायचे. जिन्याखालच्या फळ्यावर पाणी बंदची सूचना असायची आणि तिच्या डोक्यावर, खडूने, नानांचा ऋतू. मार्चमध्ये ‘उकाडा’. जूनमध्ये ‘पाऊस’. ऑक्टोबरात ‘उकाडा, दुसरी खेप’. डिसेंबर-जानेवारीत मात्र नुसतं ‘हवा बरी’. ‘थंडी’ हा शब्द त्यांनी मुंबईला कधी दिलाच नव्हता.

नाना एका कॉलेजच्या भूगोल विभागात बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस होते. पर्जन्यमापकातलं पाणी मोजण्यात हयात गेल्यामुळे अंदाज हा प्रकारच त्यांना असभ्य वाटे. “अंगाक वाटता ती थंडी नाय. मोजूक गावता ती थंडी,” हे ते पेपरवाल्यालासुद्धा ऐकवत. मोजायला गॅलरीच्या कठड्यावर खोबरेल तेलाची काचेची बाटली. पहाटे तेल गोठलं तर ती हूल. दुपारी बारा वाजता गोठलेलं दिसलं, तरच थंडी. आता भर दुपारी मुलुंडमध्ये तेल गोठायचं, तर बाटलीला मनालीलाच धाडायला हवं होतं.

या शास्त्रात एक स्वेटर अडकला होता. नानांच्या बायकोने, म्हणजे नानीने, दोन वर्षं खपून विणलेला, वांगी रंगाचा, एक बाही जरा लांब झालेला. नानांनी तो एकदाही अंगाला लावला नव्हता. थंडी नसताना स्वेटर घालणं ही त्यांच्या लेखी शुद्ध लबाडी. तीन हिवाळे तो कपाटात डांबरगोळ्यांच्या सोबतीने राहिला. आम्ही हसायचो, नानीसुद्धा हसायची. मग तिला काचबिंदू निघाला. एका डोळ्याने दिसेनासं झालं आणि दुसऱ्याची डॉक्टर खात्री देईनात. माझ्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “माका दिसता तवसर ह्येंनी तो घालूक व्हयो.”

मी समोरच्या दारात राहणारी, घरून काम करणारी आणि जात्याच आगाऊ बाई. दुसऱ्या दिवशी नाना बाजारात गेले तशी मी बाटली उचलून माझ्या फ्रीजरमध्ये ठेवली आणि बाराला पाच कमी असताना परत कठड्यावर. मग नानीशेजारी साळसूदपणे बसून राहिले.

नाना आले. आमच्याकडे पाठ करून बाटलीपाशी वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग वळून म्हणाले, “गो, स्वेटर काढ.”

ती उरलेली दुपार म्हणजे नुसता वेडेपणा. फळ्यावर ‘थंडी’ उमटली आणि नानांनी लिहिलंय म्हटल्यावर सोसायटी थंडीला लागली. तळमजल्यावरचे जोशी माकडटोपी घालून बाहेर आले. वॉचमनने खोकी जमवून शेकोटी पेटवली. घरोघरी आल्याचा चहा उकळला, डोक्यावर पंखे गरगरत असताना. नाना वांगी स्वेटरात, घामाने निथळत, गेटपर्यंत तीन फेऱ्या मारून आले. नानी त्यांना उजेडात उभं करून मागून-पुढून न्याहाळत होती. मला रडू येत होतं आणि हसूही आवरेना, म्हणून मी जिन्यातच बसकण मारली.

संध्याकाळी नानांनी मला त्याच जिन्यात गाठलं.

“बाटलेक घाम इल्लो गो. थंडयेत बाटलेक घाम येता काय? मी पुसलंय, तिका दिसाक नको म्हणान.”

मी मान खाली घातली. ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

“फुडल्या वर्साक नीट पुसून ठेव.”

ठेवली. मुंबईला अशा आणखी चार थंड्या पडल्या. नाना गेल्या पावसाळ्यात गेले. नानीला आता काहीच दिसत नाही. या जानेवारीत एका दुपारी ती तो स्वेटर घालून गॅलरीत बसली होती, दोन्ही बाह्या दुमडून. तेल बघितलंस का, तिने विचारलं. मी घरी जाऊन, सवयीने सकाळीच फ्रीजरमध्ये ठेवलेली बाटली काढली, ओढणीने कोरडी केली आणि तिच्या हातात दिली. तिने ती गालाला लावली, हातात फिरवली.

“थंडी पडली,” ती म्हणाली. “जा, फळ्यार लिवून ये.”