अक्का घरात नाही

आमच्या कोठीच्या खोलीची भिंत श्रावणात भिजायची. वरून नव्हे, खालून. आधी फरशीच्या सांध्यांतून ओल यायची, मग पोपडे सुटायचे. गौरींच्या सुमारास तर तांदळाचा डबा सरकवताना वाटायचं, खालून कुणी हळू बोलत चाललंय. पीण्या नावाच्या औद्योगिक भागात, कारखान्यांमागे उतारावर नवी वसाहत पडली होती आणि चौऱ्याण्णव साली तिथं घर बांधणाऱ्यांत आम्ही पहिले. पाइप फुटला असेल म्हणून माझ्या यजमानांनी, बिंदुमाधवांनी, दोनदा नळ तपासून घेतला. फुटायला त्यात पाणी तर हवं!

गौरी आवाहनाच्या दिवशी दारात एक म्हातारी उभी राहिली. मोकळं कपाळ, खोचलेला पदर, हातात सूप. सुपात खण, नारळ, हिरव्या बांगड्या.

"अक्का आली का?"

"कोण अक्का?"

"भिंत भिजली का, ते विचारते."

भिजली होती. मी दाराची कडी धरूनच उभी राहिले. ती मात्र घरचीच असल्यासारखी आत आली, कोठीच्या उंबऱ्याशी बसली आणि फरशीवर तळवा टेकून म्हणाली, "आली. दार बंद दिसलं, पण आली."

या कस्तुराबाई. तीनशे वर्षांमागे आमचे पूर्वज घोड्यांवरून इकडे कानडी मुलखात उतरले, असं त्यांच्या घरचे सांगत. घोडे गेले, मराठी तेवढी स्वयंपाकघरात राहिली. या उतारावर त्यांच्या यजमानांची, आप्पाजींची, अबोलीची बाग होती. बागेच्या डोक्यावर एका करंजाखाली झरा. पाऊस मुरला की तो जागा व्हायचा आणि लुगड्याच्या काठाएवढा ओहोळ होऊन खाली तळ्याला जायचा. शिवरात्रीपर्यंत वाहायचा, मग दिसेनासा व्हायचा.

"केवढीशी ती," कस्तुराबाई म्हणत, "पण अशा सगळ्या उतारांवरच्या अक्का मिळून तळं भरतं, बाई. तळं ओसंडतं तेव्हा नदी. लोक नदीला हात जोडतात, हिला ओलांडून जातात."

त्या घरात पाणी 'आटलं' म्हणायची रीत नव्हती. दिवा विझला म्हणत नाहीत, बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, तसंच ते. झरा दिसेनासा झाला की म्हणायचं, अक्का सासरी गेली. गौरींच्या दिवसांत ती माहेरी यायची, तेव्हा तिची ओटी भरायची.

बाग भाऊबंदकीत विकली गेली. पुढे ऐन उन्हाळ्यात मोजणीवाला आला. त्याने झाडाखाली बसलेल्या कस्तुराबाईंना कानडीत विचारलं, "इथं हळ्ळ आहे का, अम्मा? ओढा वगैरे?"

कस्तुराबाईंच्या तोंडून सवयीनं गेलं, "अक्का इल्ला. गंडन मनेगे होगिदाळे." अक्का नाही, नवऱ्याच्या घरी गेलीय.

"तो हसला गं. म्हणाला, तुमच्या बहिणीचं नाही विचारत, पाण्याचं विचारतोय. मी कोरड्या वाळूकडे बघितलं. 'आटलंय' हा शब्द काही तोंडातून निघेना. म्हटलं, नाही. आत्ता नाही. तो 'आत्ता' त्यानं ऐकलाच नाही."

पाऊस येण्याआधी त्या वाटेवर मुरूम आणि विटांचा चुरा पडला. कस्तुराबाई आडव्या गेल्या तेव्हा मुकादम म्हणाला, "अज्जी, ओढा नाही म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?" त्या भरावावर आमचं घर. आप्पाजी त्याच वर्षी गेले, आणि ओटी भरायला आता सवाष्ण हवी, म्हणून त्या माझ्या दारी आल्या होत्या.

"तू भर, भाग्या," त्या मला म्हणाल्या. "तुझ्याच घरात कोंडलीय ती."

मी भिंतीची ओटी भरली. खणाला खालून ओल चढत गेली, ती मी बघत राहिले.

बिंदुमाधव संध्याकाळी म्हणाले, "अक्काचं माहेर नेमकं माझ्या कोठीतच?"

"जावईबापू," कस्तुराबाई म्हणाल्या, "तुम्ही तिच्या वाटेत बसलात. ती तुमच्या नाही बसली."

ते हसले, पण उन्हाळ्यात मिस्त्री आणलाच. फरशी उखडून खाली जाड काँक्रीट ओतायचं, म्हणजे ओल कायमची बंद. कस्तुराबाईंना कळलं तेव्हा त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तोंड बुजवलं की ती दुसरीकडून निघेल असं वाटतं ना? नाही निघत. बारक्या झऱ्यांना तेवढा जोर नसतो. त्या आतच मरतात."

बिंदुमाधव ऑफिसला गेलेले. मिस्त्रीनं फरशी काढली, खालची माती चिमटीत घेतली आणि फुंकर मारून उडवली. धूळच ती. "अम्मा, इल्लि नीरु इदेया?" इथं पाणी आहे का? "नसेल तर सरळ ओततो. असेल तर वाट ठेवावी लागेल, कुंपणाखालून गटारापर्यंत. स्वल्प जास्त काम आहे."

त्या कोरड्या खड्ड्याकडे बघत मी म्हटलं, "इदे." आहे.

लोक कस्तुराबाईंकडे बघायचे तसंच त्यानं माझ्याकडे बघितलं. "कुठे?"

"सासरी गेलीय," मी म्हणणार होते. जीभ चावली. "पावसात असतं. दरवर्षी. वाट ठेव."

घरी आल्यावर बिंदुमाधवांनी वाढीव खर्चाचा हिशेब दोनदा मांडला. पण वाट राहिली. कोठीखालून एक नाली, वर दगडी झाकण, कुंपणाला भोक.

भाद्रपदात कस्तुराबाई सूप घेऊन आल्या. मी झाकण सरकवलं. वरच्या अंगाला तोवर तीन घरं आणि एक बोअरवेल झाली होती. नालीच्या तळाशी पाणी होतं, नाही असं नाही. दोऱ्याएवढं. मध्येच तुटायचं, पुन्हा जुळायचं.

मी ओटी भरली. कस्तुराबाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या, आजारी लेक माहेरी आल्यावर बघावं तसं.

"आली," त्या म्हणाल्या. "पण किती रोडावलीय गं. सासरी जेवायला घालत नाहीत वाटतं."