हरकतीच्या वेळचा वडा

बटाटेवडे तळल्याचा वास आला की मला वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीचा हॉल आठवतो. रस्त्याचा फुटपाथ नवा करायचा होता, म्हणून रहिवाशांचं म्हणणं ऐकायला महापालिकेने तिथे सभा ठेवलेली. बोलावणं फक्त सोसायट्यांना होतं. गेटबाहेर मासे विकणाऱ्या मावशींनी मला आदल्या दिवशीच सांगितलेलं, “दादा, आमच्या नलाचं तेवरं बोला.” फुटपाथवरच्या त्या नळावर त्या मासे आणि टोपली धुवायच्या. मी बोलतो म्हणालो. सभेत पहिला दीड तास पार्किंगवरच गेला. पंखे गरगरत होते, प्लास्टिकच्या खुर्च्या करकरत होत्या, आणि मागे कुणीतरी कागदी प्लेटा मांडत होतं. वडे आले तशी बोलणी थांबली. नेमकं तेव्हाच पालिकेच्या इंजिनीयरने वाचलं, “नळ काढून तिथे झाडांच्या कुंड्या. कुणाची हरकत?” माझ्या तोंडात गरम घास होता, एका हातात प्लेट आणि दुसऱ्यात उरलेला वडा. “नाही ना? मग पुढचा विषय,” तो म्हणाला. पुढचा विषय आभाराचा होता. दुसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, “बोल्लात का दादा?” मी म्हटलं, “बोललो, पण कुणी ऐकलं नाही.” त्यांनी मला दोन बोंबील जास्त घातले. नळ गेला, कुंड्या आल्या. मावशी आता घरून कॅनमध्ये पाणी आणतात, आणि मी दिसलो की शेजारच्या गिऱ्हाइकाला अजून सांगतात, “आमच्यासाठी हे एकटेच बोल्ले.” मी पिशवी पुढे करतो.