पाच इंद्रियांवर पहारा

वडूजच्या आमच्या प्रौढ वर्गात चार माणसं जमली की किस्सा आपोआप होतो. मला फक्त फळा पुसायचा असतो!

लढाई संपली आणि फौजेतून परतलेली मंडळी अक्षरं शिकायला येऊ लागली. मी नुकताच बी.ए. झालेलो. स्वातंत्र्य दारात उभं असताना माणसांनी नुसती सही शिकायची? मी कविताच काढली!

"ओळीत दिसतं काय, ऐकू येतं काय, वास, चव, स्पर्श कुठं आहे, ते शोधा."

शंकर हवालदार उभे राहिले. "मास्तर, एकट्या मानसाला पाच ठाणी झेपत न्हाईत. ड्युटी वाटू या."

वाटली! गणपाला डोळा, तात्याला कान, बिरू धनगराला नाक. जीभ आणि कातडी हवालदारांनी स्वतःकडे ठेवली.

*

एकदा मोटेच्या कुरकुरीची ओळ वाचली. गणपा नुसता माझ्याकडे बघत बसला.

"गणपा, ऐकू येत नाही?"

"येतंय की! पर आमची ड्युटी डोळ्याची. कानवाला लोणंदच्या बाजाराला गेलाय."

*

मी स्वतःची ओळ फळ्यावर लिहिली: 'पहाटेच्या धुक्यात मेंढ्यांचा कळप'.

"दिसलं!" गणपा ओरडला.

"वास बी हाय," बिरू म्हणाला.

"कुठल्या शब्दात?"

"शब्दात कशाला? मेंढरं हायत म्हंजी वास आलाच. मास्तर, तुमी कवा जवळ गेलाय का?"

गेलो नव्हतो. पण ओळ पुसली नाही.

*

मग तक्रार गेली, शिपायांना कविता कशाला? शाळा तपासणारे इन्स्पेक्टरसाहेब आले. वर्ग चालू ठेवायचा की बंद, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. पाच ठाण्यांची वाटणी मी त्यांना सांगितली. साहेब स्वतः कवी! खिशातून कागद काढून त्यांनी घसा साफ केला.

"हे दिव्य चैतन्य, अनंत आशा,
अमर ध्येयाची उदात्त भाषा!" मग विचारलं, "सांगा, यात काय सापडलं?"

गणपानं नाही म्हणून मान हलवली. तात्यानंही.

हवालदारांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. "चारी ठाणी सामसूम, साहेब! नाकावर मानूस न्हाई. बिरू मेंढरं घेऊन गेलाय."

संपला वर्ग, असं मी मनात म्हटलं.

साहेबांनी कागदाची घडी केली. शेऱ्याची वही बाजूला ठेवली. बूट काढले आणि बिरूच्या रिकाम्या जागी, त्याच्याच घोंगडीवर बसले.

"मास्तर, ती फळ्यावरची मेंढ्यांची ओळ वाचा."

मी वाचली.

साहेब ताठ झाले. "हवालदार! नाक हजर! वास आहे!"