शिडाच्या बोटीवर काकूंची टिचकी

आधी काकूंचं सांगतो, मग बोटीचं. काकू धारच्या. यजमान गेल्यावर देवासला दोन खोल्यांत राहून आम्हा चार-पाच कामगारांना जेवू घालायच्या. मी आठवीतून शाळा सोडून सांगलीकडून आलेलो. फायबरच्या कारखान्यात कूलरच्या बॉड्या नि पाण्याच्या टाक्या बनवायचो. घरापासून इतक्या लांब, आज पोळी कमी का घेतलीस, असं विचारणारं माणूस त्या एकच.

एका उन्हाळ्यात आमच्या शेडमध्ये ट्रेलरवरून शिडाची बोट आली. जुनी, फायबरची. पीथमपूरहून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी ती मुंबईत घेतली होती. दुरुस्त करून नवरा-बायको दोघं समुद्रापार निघणार होते. आमच्या इथली नदी आठवून चहावाला म्हणाला, "भिया, क्षिप्रा में तो घुटने-घुटने पानी है."

डोलकाठी लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली. बाकांखाली गोड्या पाण्याच्या टाक्या मी बसवल्या; ते तर माझं रोजचंच काम. मग बोटीच्या पोटाला, पाण्याखाली राहणारं जुन्या पाइपाचं भोक बुजवायचं होतं. मी कूलरच्या सवयीनं रेझिन घट्ट करणारं हार्डनर सढळ घातलं आणि सगळे थर एका दमात चढवले. ठिगळ हाताला चटका बसेल इतकं तापलं; असं तापलं की आतले थर एकमेकांना धरत नाहीत, हे मला ठाऊक होतं. घासून रंगवल्यावर मात्र आरशासारखं दिसलं. साहेबांनी पाठ थोपटली. मला जेवण जाईना.

काकूंनी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या डबा घेऊन स्वतः शेडमध्ये आल्या. पदर खोचून वाकल्या आणि बोटीच्या पोटावर टिचक्या मारत गेल्या. सगळीकडे टणटण. माझ्या ठिगळावर थप.

"हाटपिपल्याच्या बाजारात मडकं मी असंच घेते," त्या म्हणाल्या. "हे मी घरी नेलं नसतं."

सांगितलं तर साहेब मला कामावरून काढायला लावतील, मी म्हणालो. गावी मी मिस्त्री झाल्याचं कळवून बसलो होतो.

"त्यांची बायको पण जाणार ना यात? मग सांग. काढलंच, तर जेवायला मी आहे."

मी सांगितलं. साहेबांनी स्वतः ठोकून पाहिलं आणि ठिगळ घासून काढायला ग्राइंडर माझ्या हातात दिला. नवे थर सकाळच्या गारव्यात चढवू, मीही येतो, म्हणाले. तीन सकाळी आम्ही पातळ पातळ थर चढवले. रेझिन ते कालवायचे. चौथ्या दिवशी काकूंनी टिचकी मारली. "आता न्या," एवढंच बोलल्या.

वर्षभरानं परदेशी तिकिटाचं कार्ड आलं. बोटीच्या पोटात थेंब नाही, असं साहेबांनी लिहिलं होतं. मी अडखळत वाचलं. काकूंनी पुन्हा वाचायला लावलं.

आता मी कोकणात बोटींचंच काम करतो. काकूंनी अजून समुद्र पाहिलेला नाही. गुडघे दुखतात, प्रवास नको म्हणतात. काकू, एक दिवस मी स्वतः न्यायला येईन. धक्क्यापर्यंत खुर्चीत बसवून नेऊ. माझ्या हातची बोट पाण्यात असेल, तुम्ही आत बसून तिला टिचकी मारायची. तोवर एकही ठिगळ मी न वाजवता सोडणार नाही.